अधांतरी

क्रेमा गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत
नोव्हेंबरात खिडकीला धुकं टेकून असतं,
पो नदीच्या मैदानाचं, कुठेही न जाणारं.
आत फियोरेंझा बाई बाटली दिव्यापाशी धरतात:
अभ्रकाचे सोनेरी कण
मधात अडकल्यासारखे.

"थांबलेत," मी म्हणाले.
"पडताहेत. सावकाश,"
त्या म्हणाल्या, आणि झाकणावर तारीख घातली.
अकराव्या दिवशी तळाशी सोन्याचा थर,
वर नुसता द्रव, सामान हलवलेल्या खोलीसारखा.

दाटपणा उशीर करतो,
त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच.
धरून ठेवायचं तर आत काहीतरी विणलेलं लागतं,
लांबच लांब साखळ्यांचं जाळं
ज्याला कणाचं वजन पेलतं
पण बोटाचा दाब पेलत नाही.
पंप दाबला की त्यानं मुकाट वाहावं,
गालावर पसरावं,
आणि हात थांबला की उसवलेलं
आपलं आपण सांधून घ्यावं.

म्हणून कार्बोमर घेतला.
पांढरी, आंबट, नाकात जाणारी पूड,
पाण्यात आधी गढूळ, रुसलेली;
अल्कलीचे थेंब पडले तशी
फुगली, नितळली, ताठ उभी राहिली.
पंचेचाळीस अंशांच्या कपाटात सात आठवडे
एकही कण जागचा हलला नाही.
मी घरी आईला फोन करून सांगितलं.
तिला वाटलं, माझा पगार वाढला.

मग मिलानहून निरोप:
ग्राहकाला यात समुद्राचं पाणी हवंय,
ब्रिटनीच्या किनाऱ्याचं,
चमचाभर, लेबलवर छापण्यापुरतं.

चमचाभरच घातलं.
ढवळणीचा सूर बदलला,
आणि सात आठवडे
माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेले.

"याला मीठ सोसत नाही," बाई म्हणाल्या,
जेवायला येणाऱ्या पाहुण्याचं पथ्य सांगावं तसं.
खालच्या खणातून दुसरा डबा काढला: जेलन,
जिवाणूंनी साखर खाऊन कातलेलं सूत.
कढत पाण्यात विरघळवलं,
आणि त्यात तेच समुद्राचं पाणी ओतलं.
मी हात धरायला पुढे झाले.
"थांब. याच्या गाठी मिठानंच बसतात."

निवेपर्यंत ढवळत राहिल्या.
मध्येच सोडलं तर खरवस होतो, वड्या पाडा नि खा.
दीड तास. बसल्या नाहीत,
कॉफी उभ्यानंच, डाव्या हातानं.

बाटली तिरपी केली तर पाण्यासारखं पातळ,
कुणालाही वाटावं, यात काहीच नाही.
आणि कण तसेच अधांतरी,
कुणी वर, कुणी खाली, जिथे सापडले तिथे.
"हेही सावकाश पडताहेत?" मी विचारलं.
त्यांनी तारीख घातली. कपाट लावलं.

मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या, सोन्चिनोला राहतात,
कोंबड्या पाळल्यात म्हणे.
ती बाटली आता माझ्या खिडकीत.
झाकणावरची शाई पुसट झालीय, सात की एक, कळत नाही.
मी ती हलवत नाही.
हलवली तरी काही बिघडणार नाही,
हे मला पक्कं ठाऊक आहे.