थांबा

संकेश्वरच्या स्टँडमागं माझं गॅरेज.
जुन्या क्लचवायरी कधी फेकल्या नाहीत,
फेकायची पाळीच आली नाही.
ऊस उभा असला की पोरं यायची,
दहा रुपयाला एक.
डुकरासाठी पायजे म्हणायची.
मी विचारत नसे.

मग लगमाण्णा धनगरानं पोत्यातून
एक कोल्ही काढून स्टुलाजवळ ठेवली.
वायर मानेत इतकी आत
की पक्कड बुडवावी लागली.
टोकाला मी डागलेला शिशाचा गोळा,
ओळखला.
थानांत दूध होतं.

धारवाडच्या डॉक्टरीणबाई,
कानडी भरभर, मराठी जपून,
तार बोटाला गुंडाळत म्हणाल्या,
हीच पाहिजे, पण इथं स्टॉप.
मी म्हटलं, थांबा.
त्या थांबल्या.
तसं नव्हे बाई, तुमच्या स्टॉपला थांबा म्हणू.

तर काम असं:
तार जाड घ्यायची, बारीक चिरते.
मुळाशी भिंगरी, जनावर फिरलं तरी पीळ बसू नये.
वाटेत पितळेची नळी, चेपून घट्ट,
तिच्यापुढं फास सरकत नाही,
मान आणि तार यांच्यात दोन बोटं उरतात.
एक आकडा मुद्दाम कच्चा,
रेडकू अडकलं तर हिसड्यासरशी सुटावं.
आसपास झुडूप नको, कुंपण नको.
लटकलं की संपलं.

पहिला फास माझ्याच दंडावर ओढून बघितला.
बायको दारातून बघत होती.
काही बोलली नाही.

माळावर रात्रभर जीप.
दर दोन तासांनी बॅटरी घेऊन फेरी.
अकरा कोकरं गेलेला लगमाण्णाही आला,
त्याची काठी बाईंनी गाडीतच ठेवायला लावली.

साडेचारला लांडगा.
झटापट नाही, काही नाही,
शेवटची बस चुकल्यागत
बसून होता.

डोळ्यांवर फडकं, गळ्यात पट्टा,
दात बघितले, वजन केलं, सतरा किलो.
लगमाण्णा वाकून बघत राहिला.
तोळ, म्हणाला आधी कानडीत,
मग मराठीत,
एवढाच असतोय व्हय?

उजाडायच्या आत सोडला.
कुठनं जातो, कधी जातो
ते आता पट्ट्यावरून कळतं,
त्या रात्री मेंढरं दुसऱ्या रानात बसतात.

गॅरेजात जुनी वायर आता
वीत-वीत तोडून भंगारात देतो.
आधी विकल्या त्या कुठल्याच वहीत नाहीत.
त्या उसात आहेत अजून,
त्यांना थांबा नाही.

रविवारी आम्ही दोघं पक्कड घेऊन
बांधाबांधानं हिंडतो.
सापडल्या चार.