खालची पट्टी

अकरा भागांची जपानी मालिका.
शेजारच्या मौनिकानं फोनात भरून दिली,
म्हणाली, मावशीचा वेळ जाईल.
वेळ तसाही जातच होता.

राजमणीला इंग्रजी येत नाही,
मला नववीपुरतं.
ती चित्र बघायची, मी खालची पट्टी वाचायचो
आणि तिच्या कानाशी मराठीत सांगायचो,
अडलं तर तेलुगूत,
तिथंही अडलं तर मनाचं.
आवाज मोठा करून उपयोग नव्हता,
भिंतीपलीकडं बारा माग चालतात.

पोरगा एका हमामखान्यात टॉवेलांच्या घड्या घालतो.
पोरगी रोज तिथं येते, उगाच.
"एमंडी, टॉवेल आपल्याकडचा असंल का?"
मी चित्र थांबवून किनार बघितली.
मागाची पत्री भोकं पाडण्यात एकतीस वर्षं गेली माझी,
भोक असेल तिथं धागा वर,
नसेल तिथं खाली,
टॉवेल कुणाचा ते मला कळतं.
आपला नव्हता.
"आपलाच," म्हणालो.
त्या रात्री तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

चौथ्या भागात पोरीला डॉक्टर सांगतो.
पट्टीवर आकडा तीन, पुढं महिने.
मी वाचलं, "तीन वर्षं."
"मग आई एवढी का रडतीया?"
"जपानी माणसं हळवी असतात."
"बरं," म्हणाली.
तोंडानं गल्लीभरच्या गप्पा
आणि बोटांनी न बघता पंचविसाचा कट्टा
बांधत आलेली बाई ती.
हजारात एक विडी कमी पडली नाही कधी.

आमच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं,
सिव्हिलच्या जिन्यात, पाण्याच्या कूलरपाशी.
तिथं खाली पट्टी नव्हती.
आत येऊन मी तिला जे सांगितलं
तेही माझंच भाषांतर.

पाचव्या दिवशी नळ यायचा.
मग मालिका जिथल्या तिथं थांबायची,
एकदा तर पोरगी बर्फात कोसळता कोसळता थांबली,
अर्धी तिरकी, हात हवेत,
आणि मी दोन पिंपं, सात घागरी, शेवटी तांब्यासुद्धा भरून घेतला.
बाहेर त्रेचाळीस.
गच्चीवर अंथरूण ओलं करून घातलं तरी तासात वाळायचं.
"त्यांच्याकडचा बर्फ थोडा इकडं पाठवा म्हणावं,"
ती म्हणायची, आणि पोट धरायची.
हसताना की दुखताना, मला तेव्हा ओळखू यायचं नाही.

नवव्या भागात पोरगा एकदाचा म्हणाला,
तू मला आवडतेस.
तेही वाकून, पायाकडं बघून.
"नऊ भाग लागले ह्याला," मी म्हणालो.
"तुम्हाला सव्वीस वर्षं झाली."
मग आम्ही दोघं गप्प.
भिंतीपलीकडं एका मागाचा धागा तुटला असावा,
अकराच वाजत होते.

शेवटचा भाग मी बघितला नाही.
एका दुपारी कामावरून आलो
तर फोन उशाखाली, आणि मौनिका
माझ्याकडं न बघता चप्पल शोधत होती.
"बघितलं आम्ही," राजमणी म्हणाली.
"पोरीनं वाचून दाखवलं. तुम्ही आता नका बघू."
"काय झालं शेवटी?"
"काय व्हायचंय? बरी झाली.
लग्न केलं. हमामखाना विकत घेतला दोघांनी.
टॉवेल सोलापूरवरनंच मागवतात."
जरा थांबली. श्वास घेतला.
"सासू तेवढी खाष्ट निघाली."

पोराची आई दुसऱ्याच भागात वारली होती.
मीच वाचून दाखवलं होतं तिला,
तेव्हा काही बदललं नव्हतं.

"बरं," म्हणालो.

तिनं हात पुढं केला,
माझ्या मनगटावरचा पत्र्याचा भुसा नखानं काढला,
एक एक कण, मोजल्यासारखा.
मग म्हणाली,
नळ आलाय का बघा.