वर जाणारा आकडा

माझगावच्या वसतिगृहात माझी ही पहिली खेप, कंपनीची पाचवी.
तक्रारवहीत एकच ओळ, हिरव्या शाईत:
नेट चालू आहे. आम्ही तुटतो.

लोपीसबाई म्हणाल्या, मागल्या माणसाने मोजून दाखवलं,
ऐंशी आले. सही घेतली, चहा घेतला, गेला.
ऐंशी खरेच होते. मलाही आले.
पण ते खाली येणारे.
मालिका, मावसबहिणींची लग्नं, कुणाकुणाचे मोदक,
सगळं न मागता तिसऱ्या मजल्यावर उतरत होतं.
वर जाणाऱ्या आकड्यासाठी तो थांबला नसावा.
काटा तिकडे वळायला आणखी बारा सेकंद लागतात.

शून्य पूर्णांक चार.

इथे अडतीस मुली, एकीलाही ऐकू येत नाही.
फोन कानाला लावायचा प्रश्नच नाही.
फोन खिडकीच्या गजाला टेकवायचा,
दोन पावलं मागे सरायचं, उजेडात यायचं
आणि हातांनी बोलायचं.
म्हणजे साधं ‘जेवलीस का’ हेसुद्धा
अख्खं चित्र होऊन वर चढायला हवं.

हर्षला घरत, करंजा गावची, अकरावीत.
काय होतं ते तिनं मला करून दाखवलं:
बोटं उचलली, हवेतच थिजवली,
चेहरा पाटीसारखा कोरा,
मग एकदम तीन वाक्यं पुढे उडी.
बाकीच्या मुली हसून लोळल्या.

मी माझं नेहमीचं सांगायला घेतलं.
भिंतीवरची पांढरी डबी दणकून बोलते,
तुमचा फोन पुटपुटतो.
काड्या चारही भरलेल्या दिसतात,
म्हणजे डबीचं तुमच्यापर्यंत पोचतंय.
तुमचं डबीपर्यंत पोचतंय का,
ते काड्या सांगत नाहीत.
नव्या पोरांना हे मी अकरा वर्षं शिकवतोय.
बाई ते हातांवर घेऊन मुलींपुढे ठेवत होत्या.
मागच्या रांगेतल्या एकीनं खांदे उडवले.
‘काय म्हणाली?’
‘म्हणते, यात नवीन काय.’

आणि मी चुकलोच होतो. हवेचा दोष नव्हता.
डबी उतरवली, तिची वायर थेट लॅपटॉपला लावली,
पुन्हा मोजलं: शून्य पूर्णांक चार.

न्हाणीघराच्या झरोक्यातून ओढलेली केबल.
आत आठ तारा, त्यांतल्या चारच कामाच्या,
दोन खाली आणणाऱ्या, दोन वर नेणाऱ्या.
उंदराने नेमकी नारिंगी जोडी कुरतडलेली,
पुरती तोडलीही नव्हती,
तुटली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हातभर केबल कापली. सोलली. रंग लावून घेतले.
नवी टोपी दाबली, डबी परत टांगली.
खिडकीपाशी एकेचाळीस. जिन्यात तेहेतीस.
कोपऱ्यातल्या पलंगावर एकोणीस, तिथे लोखंडी कपाट आड येतं,
ते हलवा म्हणालो, बाई म्हणाल्या भिंतीला पोपडे आहेत, राहू दे.

कंपनीच्या फॉर्मवर रकाना एकच: स्पीड.
मी ऐंशी लिहिले,
आणि समासात, पेन्सिलीने, एकेचाळीस.

साडेआठला करंज्याहून आईचा फोन आला.
मागे जाळीची गुंडाळी, ओले हात पदराला पुसत ती बसली.
हर्षला बोलू लागली,
महिन्याभराचं एका दमात, कोपरापासून.
एकही बोट अडकलं नाही.

आईनं मध्येच पंजा वर केला.
मला वाटलं, गेलं. पुन्हा थिजलं.
हत्यारांच्या पिशवीची चेन मी परत उघडली.

बाईंनी माझा दंड धरला.
‘नेट नाही हो. ती म्हणते, सावकाश.
इतकं भरभर बघायची तिला सवय राहिली नाही.’