आच बंद केल्यावर

लीथच्या पत्रात लिहिलंय:
शेवटची दहा मिनिटं उरली की मूठभर हॉप्स टाक,
मग तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी सोड,
पाव तासात सगळं निवतं.

निवत असेल.
डरवेंटच्या खोऱ्यात त्याच्या कुंपणाला लागून नदी वाहते.
इथे पीटरबरोत हे तिसरं कोरडं वर्ष.
आंघोळीचं पाणी लिंबाच्या झाडाला,
भांड्यांचं पाणी कोंबड्यांच्या अंगणात.
आणि मी बिअर गार करायला
दोनशे लिटर वाहू देऊ?
शेजारच्या बेरिलला तोंड कसं दाखवू?

तेव्हा आमच्याकडची रीत.
उकळता काढा तसाच प्लास्टिकच्या क्यूबमध्ये ओतायचा,
जाड हातमोजे घालून, गुडघ्याने दाबून
आतली हवा हुसकायची, झाकण आवळायचं,
आणि त्याला कुशीवर निजवायचं,
म्हणजे कडीच्या पोकळीलाही चटका बसतो.
मग रात्रभर शेडमध्ये.
मार्चमधल्या रात्री पहाट होते निवेपर्यंत.

पहिल्या खेपेला मी पत्राबरहुकूम वागले.
दहा मिनिटं, मूठभर, घड्याळ समोर ठेवून.
महिन्याभराने बेरिलने एक घोट घेतला, थांबली,
म्हणाली, "औषध छान आहे. कशावरचं?"

आच बंद केली तरी आतला कढ थांबत नाही.
लीथला हे ठाऊक नाही,
त्याला कधी गरजच पडली नाही.
पारा ऐंशीच्या वर आहे तोवर
हॉप्स कडूपणा सोडतच राहतात.
सुवासासाठी टाकलेली मूठ
कडूच्या खात्यात जमा.

आता वहीच्या समासात पेन्सिलीने हिशेब आहे:
त्याची वीस मिनिटं म्हणजे माझं शून्य.
त्याची दहा, ती थेट क्यूबमध्ये.
त्याचं शून्य म्हणजे चार दिवसांनी, आंबण्याचा जोर ओसरल्यावर.
साठाची मूठ तेवढी जिथल्या तिथे,
तिच्याकडून कुणी सुवास मागत नाही.

आईला मूठमाती देऊन परतताना
मी लीथला एक वाक्य म्हणाले होते.
अगदी शेवटी, गाडीची काच वर करता करता.
मला वाटलं, चवीपुरतं.
तो होबार्टला उतरेपर्यंत निवलाही असेल,
त्याचा स्वभावच तांब्याचा.
मी अकरा महिने झाकणाखाली.

त्यानंतरचं हे पहिलं पत्र.
त्यात आई नाही, ते वाक्य नाही.
माल्ट किती, पाणी किती, मूठ केव्हा,
आणि तळाशी, तिरक्या अक्षरात: चव कळव.

काल रात्री उत्तर लिहायला बसले,
शेडमध्ये, उलट्या क्रेटवर, क्यूबच्या शेजारी.
तीन ओळी झाल्या. चौथीत आई आली.
क्यूबवर हात टेकला, टेकवेना.
कागदाची घडी करून खिशात घातली.

सकाळचे साडेसहा.
छपरावर गुलाबी काकाकुव्यांचं भांडण.
क्यूब गाल आत ओढून बसलेला,
कोमट, जेमतेम.
हात ठेवला. राहिला.

फ्रीजरमध्ये एक मूठ राखून ठेवली आहे,
पाकीट बंद, वर तारीख.

प्रिय लीथ,
तुझी दहा मिनिटं इथे चालत नाहीत.