टोपलीखाली

पत्र कलेक्टर ऑफिसातून आलं, चार पानी,
खाली त्रेचाळीस सह्या. एकही नाव लागेना;
एका सहीला तर उंदरासारखं शेपूट होतं.
कुठकुठल्या देशांचे खासदार
आमच्या पंचायत समितीच्या उपसभापतीला
सोडवा म्हणत होते.

सोडवा.
एकवीस वर्षं हा शब्द मी फळ्यावर लिहितो आहे,
खालील उदाहरणे सोडवा,
आणि चिन्ना पुंगाटी, तिसऱ्या बाकावरचा,
हातचा विसरायचा. नेहमी.
आता तोच कुणाचा तरी हातचा झालेला,
एकेचाळीस दिवस, पर्लकोटेच्या पल्याड,
कुठल्या डोंगरात ते डोंगरालाच ठाऊक.

"नाकाडे सर, तुमाले यावं लागते,"
तहसीलचा शिपाई म्हणाला.
"इंग्रजीचं मराठी दुसरा करन. मराठीचं माडिया तुमी करा."

पुलापुढे मारीसोलबाईंना परवानगी नव्हती.
पोलिसांनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.
पांढरे आखूड केस, मनगटाशी एक जुना वण.
आपल्या देशात कधीकाळी निवडून आलेल्या,
आणि मग चार वर्षं तिथल्या जंगलात
झाडाला बांधलेल्या.
साहेबांनी मागण्या टाईप करून आणल्या होत्या,
अटी, तारखा, तुरुंगातल्यांची यादी.
बाईंनी कागद उलटा घडी केला आणि विचारलं,
त्याच्या पायात काय आहे?

दुभाष्याला वाटलं, आपलंच ऐकण्यात चुकलं.
पायात, त्या परत म्हणाल्या.
पहिल्या रात्री बूट काढून घेतात.
मग माणूस पळत नाही.
काही दिवसांनी तो पळायचा विचारही करत नाही,
ते जास्त वाईट.

मी जैनीला तिच्या भाषेत विचारलं.
ती माझ्याकडे बघत राहिली.
एवढ्या दिवसांत, बंदुकीचे आले, कॅमेऱ्याचे आले,
हे कुणी विचारलं नव्हतं.
चपला घरीच आहेत, म्हणाली. अंगणातूनच नेलं.
मग मला एकट्याला पूल ओलांडून घेऊन गेली.

अंगणात एक टोपली पालथी, वर दगड.
खाली पाऊल.
त्या रात्री शिंतोडा पडून माती ओली होती,
उजवा पाय रुतला, टाच खोल,
म्हणजे मागून ढकललेला.
कोंबड्या उकरतात म्हणून टोपली.
शेळी तिने दुसऱ्या खुंटाला नेली,
धान कांडायला शेजारी जाऊ लागली,
आणि का, ते सासूलाही सांगितलं नाही.

कंपासपेटीतली पट्टी माझी पंधरा सेंटीमीटरची.
दोनदा लावावी लागली.
पंधरा अधिक साडेदहा.
बेरजेत हातचा आला नाही.

जोडा चंद्रपूरहून आला, आठ नंबर, कॅनव्हासचा.
न्यायला आलेलं पोरगं चौथीपर्यंत माझ्याच शाळेत.
सवयीनं नमस्कार केला त्यानं,
मग काहीतरी आठवून खांद्यावरचा पट्टा नीट केला.
पायात स्लीपर, एकीचा अंगठा सुतळीनं बांधलेला.
मी म्हटलं, "आठ नंबर हाय. तुले मोठा होईन."
तो हसला नाही.

त्याला आता सोळा दिवस झाले.
जोडा पोचला का, कुणाच्या पायात चालतो आहे,
कुणी सांगत नाही.
सह्या एकसष्ट झाल्यात, असं ऐकतो.
आता एकूण सत्तावन्न. दिवस.

दर बुधवारी रात्री फोन येतो.
रेंज पाण्याच्या टाकीशीच, म्हणून आधीच जाऊन बसतो.
आधी दुभाष्या बोलतो: काही निरोप?
नाही.
मग तो थांबतो, आणि लाईनीवर बाई स्वतः येतात.
मराठीतले दोनच शब्द शिकल्यात,
दोन्ही तिरपे बोलतात.
टोपली?
आहे, मी म्हणतो.
आभाळ?
मी मान वर करतो
आणि जे दिसतं ते सांगतो.