दोन पायांमधून

माझं काम सांगतो. वाकायचं.
चेंडूवर दोन्ही हात ठेवून स्वतःच्याच पायांमधून मागे बघायचं,
आणि आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेल्या
इझेलच्या तळहातात चेंडू पोचवायचा.
दोऱ्यांची शिवण पुढे हवी. पाऊण सेकंदात.
बस्स. याचेच पैसे मिळतात.

नीट झालं तर माझं नाव कुणी घेत नाही.
दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, बर्फात, एकदा घेतलं होतं
अख्ख्या इरी गावानं, आठवडाभर.
बेकरीतल्या बाईनं सुटे पैसे काउंटरवर ठेवले,
हातात दिले नाहीत.

यंदा पहिल्या नऊत आम्ही सात हरलो.
तलावावरून वारा यायचा, निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
लोक डोक्यात कागदी पिशव्या घालून यायचे, डोळ्यांपाशी भोकं पाडून.
त्यातली एक पिशवी माझा चुलत भाऊ स्टॅनिस्लॉस होता,
बुटांवरून ओळखला.
मग काय झालं, मला विचारू नका.
प्रशिक्षक ड्युबिन्स्की सांगतात शिस्त, पाद्री सांगतात प्रार्थना.
मला वाटतं आम्ही हरण्याला कंटाळलो,
रोज तीच भाजी खाऊन माणूस कंटाळतो तसे.

अंतिम सामन्याच्या सकाळी हॉटेलातल्या टीव्हीवर
पाच सूटवाले बसले होते. पाचही जण म्हणाले: ते जिंकणार.
आमच्यावर एक डॉलर लावला तर अकरा मिळत होते.
आईनं वीस लावले. बाबांना सांगितलं नाही.

आता शेवटचे तीन सेकंद.
ते बावीस, आम्ही वीस.
एकावन्न यार्ड.
ऑक्टाव्हियो बुटाचं टोक गवतावर घासत उभा.
त्यांनी मुद्दाम वेळ थांबवून घेतली, पोराला विचार करायला लावायला.
पोराच्या तोंडात च्युइंगगम होतं, विचार कुठेच नव्हता.

मी वाकलो.

जग उलटं झालं की फार शांत होतं.
सत्तर हजार माणसं वटवाघळांसारखी लटकलेली,
दिवे पायाशी, गवत आभाळात,
आणि मागच्या भल्यामोठ्या फलकावर
वर ते, खाली आम्ही, असं सगळ्यांना दिसत होतं.
मला आम्ही वर दिसलो.
खोटं कशाला सांगू, मी हसलो.
हेल्मेटात कुणाला कळतंय?

चेंडू सुटला, बरोबर सुटला.
कुलपात किल्ली फिरली की बोटांना कळतं, तसं कळलं.
पुढचं मी पाहिलेलं नाही.
शेजारची फळी कोसळली आणि एकशे पंचेचाळीस किलोंचा माणूस
माझ्या पाठीवर आला.
तोंड गवतात.

आधी काहीच नाही.
इतकी शांतता, की त्याचे श्वास मोजता आले.
मग लांबून, जिथे आमची चार हजार माणसं कोंबली होती त्या कोपऱ्यातून,
भांड्यांचं कपाट पडावं तसा आवाज.

तो उठेना.
माझ्या मानेवर गरम काहीतरी पडलं. पुन्हा पडलं.
मी म्हणालो, "ऊठ रे."
तो म्हणाला, "थांब. जरा थांब."
थांबलो.
वरून रंगीत कागद पडत होते, कुणी माझ्या पायावरून पळत गेलं,
आणि मी, म्हणायला जगज्जेता,
एका माणसाला अंगावर रडू देत पडून राहिलो.
टेरेल फॉन्टेनो. नाव मी नंतर शोधलं.

ऑक्टाव्हियोचं चित्र आता दुधाच्या डब्यांवर असतं.
मिरवणुकीत एका मुलीनं मला विचारलं, तू कोण?
मी म्हणालो, वाकणारा.
ती खूश झाली, का ते कळलं नाही.

बाबा छत्तीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर होते.
जोड बघायची सवय सुटत नाही.
रात्री जेवण झालं की ते सामना लावतात, फक्त शेवटचे तीन सेकंद,
आणि चेंडू इझेलपाशी पोचायच्या आत बटण दाबतात.
पडद्यावर मी वाकलेला. चेहरा दिसत नाही.
चेंडू हवेत, शिवण फिरून पुढे येते आहे.
"बघ," आईला म्हणतात, "सरळ आहे."
अजून कुणीच जिंकलेलं नसतं.
ते कॉफी संपवतात,
आणि चेंडू तसाच ठेवून झोपायला जातात.