पाण्याची वही

सोलापुरात नळ पाच दिवसाआड,
वेळेचा नेम नाही.
विडी घरकुलात हे कुणाला सांगायला नको.
आणि हिच्या पाठीत
रोज साचतं, न मागता.
घरात आम्ही नीळ्ळु म्हणतो,
वहीत पाणी.

पाठीतला स्नायू फिरवून पुढे आणला,
जिथं काही उरलं नव्हतं तिथं ठेवला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मागे पोकळी राहते,
पोकळी राहिली की पाणी धरतं,
म्हणून आतून टाके घातलेत, जवळजवळ,
वरचा थर खालच्याला धरून.
ही गुंगीतच हसली,
"म्हंजे वाकळच शिवली की हो माझी."

सकाळी सातला, संध्याकाळी सातला
नळीचा फुगा उघडायचा, मापात ओतायचा,
दाबून हवा काढायची, मगच बूच.
नाहीतर ओढ राहत नाही.
ज्या वहीत टॉवेलचे नग लिहायचो
तीच उलटी धरून लिहितो:
सोमवार एकशे दहा, लालसर.
मंगळवार नव्वद. बुधवार ऐंशी.
गुरुवार एकशे तीस.

गुरुवारी तिनं घागर उचलली होती.
पहाटे नळ आला, मी घोरत होतो.
लई बोललो तिला.
ती म्हणाली, "पाणी आल्यावर
बाईला झोप लागती काय?"

तेव्हापासून बॅरल मी भरतो.
पट्टा मी आवळतो, दोन बोटं जातील इतका.
विड्यांचं सूप वर फळीवर टाकलंय,
तिचा हात पोचू नये म्हणून.
ती रिकाम्या बोटांनी चादरीचा कोपरा वळते
आणि सोडून देते.

लग्नाला एकतीस वर्षं.
पाठ अशी तिची मी पाहिलीच नव्हती,
रातपाळी करून यायचो, झोपायचो.
आता मोबाईलच्या उजेडात रोज बघतो,
कुठं फुगलंय का, बोटानं दाबलं तर हलतंय का.
शिवण किनारीसारखी आहे म्हणणार होतो.
नाही. किनार सरळ असते.

दिवसाचं तीसच्या खाली, सलग दोन दिवस,
मग नळी निघणार.
काल अठ्ठावीस.
आज सकाळचं नि आत्ताचं मिळवून
माप डोळ्यासमोर धरलंय.
हात हलतोय का रेघ, कळत नाही.
"किती?"
खाली बोळात कोणीतरी ओरडलं, नळ आला, नळ आला,
घागरींचा आवाज सुरू झाला.
"बत्तीस," मी म्हणतो.
"तू उठू नको."